गुडघ्याचं वर्ष

काही आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी कबड्डीचे एक सर माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत, दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, 'खेळायला हरकत नाही' एवढीच ओळ लिहून द्या. सहा महिने झाले ऑपरेशनला. पोरगी पळतेय, उठाबशा काढतेय, दुखत नाही म्हणते. आता राहिलंय काय?" जिल्हा संघाची निवड चाचणी आठवड्यावर आली होती आणि पुढच्या वर्षी ती मुलगी कुमारी गटाच्या वयात बसणार नव्हती. मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. "बरं" म्हणाले, पायरी उतरले, गाडीला किक मारली. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर मी ते तिथंच सोडून दिलं असतं. पण हे सर मला ठाऊक आहेत. पाटण खोऱ्यातल्या त्यांच्या शाळेपासून कराडपर्यंत त्या मुलीला कितीतरी वेळा त्यांनी स्वतःच्या गाडीवरून आणलंय, ऑपरेशनच्या वर्गणीसाठी गावात दारोदार फिरलेत, बाहेरच्या बाकावर तास तास बसून राहिलेत. या पोरीचं वाईट व्हावं असं ज्यांच्या स्वप्नातही येणार नाही अशा मोजक्या माणसांपैकी ते एक. म्हणूनच त्यांचा तो प्रश्न रात्री भांडी आवरतानाही डोक्यातून जाईना. ऑपरेशन नीट झालं, सहा महिने गेले, दुखत नाही. मग राहिलंय काय?

खूप काही राहिलंय. पण ते दारात उभ्या असलेल्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

तिची दुखापत कबड्डीत नेहमी होते तशीच झाली होती. चढाईला गेली, बोनस रेषेवरून परत फिरताना पाऊल मॅटला धरून राहिलं आणि वरचं सगळं शरीर मध्यरेषेकडे वळलं. कुणी पकडलंही नव्हतं. बुटाचा तळ मॅटवर घट्ट बसतो. मातीवर पाय थोडा सरकून जायचा, इथं तो सरकत नाही, आणि मग जी पीळ पडते ती गुडघ्यात. "टक्‌ असा आवाज आला," ती सांगायची. हा आवाज मी इतक्या पोरींच्या तोंडून ऐकलाय की आता तपासायच्या आधीच पोटात खड्डा पडतो. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकं बांधून ठेवणारा दोर असतो, त्याला सगळे एसीएल म्हणतात. मुलींमध्ये तो तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. त्याचा रक्तपुरवठा बेताचा आणि भोवती सांध्यातलं पाणी, त्यामुळे पूर्ण तुटला की सहसा आपणहून सांधत नाही. मग सर्जन मांडीच्या मागचा स्नायूबंध किंवा वाटीखालच्या स्नायूबंधाची एक पट्टी काढून घेतात आणि हाडांत बोगदे पाडून त्या जागी बसवतात. यात तास-दोन तास जातात. गाव ज्याला उपचार म्हणतं तो एवढाच.

नवा दोर बसवला त्या दिवशी मजबूत असतो. नंतर तो कमजोर होत जातो, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. त्याला त्याचा रक्तपुरवठा उरलेला नसतो; जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, धागे विरघळतात आणि पुन्हा विणले जातात. साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या काळात तो सगळ्यात नाजूक असतो. आणि नेमकं त्याच सुमाराला सूज उतरलेली असते, गुडघा वाकत असतो, जिना चढता येत असतो, पोरगी हसत असते. पुढं धाग्यांची ही घडण वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ चालू राहते. मी हे तिच्या आईला समजावून सांगत होते तेव्हा ती माउली जरा विचार करून म्हणाली, "म्हंजी तरवा उपटून लावणी केली तसंच की. रोप उभं दिसतंय, पर मूळ धरलेलं नसतंय. तवा त्यात गुरं सोडायची न्हाईत." त्या घरात मला पुन्हा कधी समजावायला लागलं नाही. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात मी इतकं नेमकं कुठं वाचलेलं नाही.

पहिल्या दिवशी ती टेबलावर पडली होती तेव्हाचं सगळं अजून जसंच्या तसं आठवतं. गुडघा सुजून वाटीचा आकारच हरवलेला. घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हटलं, गुडघा खाली दाब, मांडी आवळ. ती माझ्याकडे बघत राहिली. कपाळावर आठ्या, ओठ दाबलेले, दुसऱ्या पायाची बोटंसुद्धा ताणलेली; आणि या मांडीवर काहीही नाही. साधी थरथरही नाही. जी मांडी आठवड्याला शेकडो उड्या मारत होती तिला हुकूम पोचतच नव्हता. सांध्यात सूज असली की मेंदू त्या स्नायूची वीज तोडून टाकतो. स्नायू शाबूत असतो, पण झोपलेला. तिनं वर पंख्याकडे तोंड केलं आणि डोळ्यांतून कानापर्यंत पाणी ओघळलं. ऑपरेशनच्या दुखण्यानं न रडलेली पोरगी या न हलणाऱ्या मांडीपुढं रडली. मी वाटीच्या वर, आतल्या बाजूला दोन बोटं ठेवून बसले. पुन्हा. पुन्हा. पुढच्या आठवड्यात कधीतरी बोटांखाली किंचित काहीतरी हललं. मासा गळाला लागावा तसं. तिला कळायच्या आधी ते मला कळलं.

पहिले दोन आठवडे हेच काम असतं: सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडी जागी करायची. वाकण्याची सगळ्यांना घाई, पण सरळ होणं जास्त महत्त्वाचं. दोन-चार अंशांची खोट राहिली तरी चाल बिघडते आणि ती बिघडलेली चाल वर्षभर छळते. दीड-दोन महिन्यांत कुबड्या जाऊन चाल सुधारलेली असते. तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेत हलकं धावणं. त्यानंतर उड्या, आधी दोन पायांवर, मग एका. सहा महिन्यांच्या पुढे वळणं, अचानक थांबणं, समोरच्याला बघून दिशा बदलणं. आणि हे सगळं जमलं, मोजमापात बसलं, तर नऊ महिन्यांनी, अनेकदा वर्षानं, मैदान. कागदावर ही ओळ सहज लिहून होते. जगताना मधले महिने फार लांब असतात. दुखणं संपलेलं आणि खेळ सुरू न झालेला, अशा त्या काळात कुणी चौकशीला येत नाही. मैत्रिणी संध्याकाळी सरावाला जातात आणि ही घरी भिंतीला पाठ लावून अर्धी बसते, दप्तरात वाळूची पिशवी घालून पायरीवर चढउतार करते. लावणीच्या दिवसांत घरात हाताला हात लागतो, तेव्हा फिजिओचा वार चुकतो. पावसात खोऱ्यातली एसटी रद्द झाली की पुन्हा चुकतो. मी फोनवर विचारते, "केलास का?" पलीकडून थोडा वेळ काही येत नाही. मग, "करते मॅडम."

माझ्या आजोळी तालीम होती. मामा तिथला नावाजलेला पैलवान. एका जत्रेच्या फडात त्याचा गुडघा गेला. हाडवैद्यानं लेप लावून पट्टी बांधली, पंधरा दिवस पाय हलवू नको म्हणाला, आणि पंधरा दिवसांनी मामा उठून चालायला लागला. मग बरा झाला असंच सगळ्यांनी धरलं. पुढच्या हंगामात तो पुन्हा उतरला, आणि गुडघा सटकला. त्यानंतर आयुष्यभर तो सटकतच राहिला: बांधावरून उतरताना, देवळाच्या पायरीवर, एकदा तर नुसता मागे वळून बघताना. पंगतीला तो एक पाय लांब पसरून बसायचा आणि आम्ही पोरं त्या पायाला वळसा घालून वाढायचो. त्याला काय झालं होतं हे मला फिजिओथेरपी शिकताना दुसऱ्या वर्षाला कळलं, तोवर त्याचा गुडघा झिजून गेला होता. त्या हाडवैद्याचा मला राग येत नाही. तो रोज घरी यायचा, पायाला हात लावायचा, मामाशी बोलायचा. त्या काळी दुसऱ्या कुणी तेवढंही केलं नाही. मात्र आजही एखादा पोरगा "शेक दिला, जेल लावला, आता बराय" म्हणतो तेव्हा मला तो पंगतीतला लांब पसरलेला पाय दिसतो.

सगळ्याच दुखापतींना वर्ष लागत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्याकडे यायलाच लोक घाबरतील. घोटा मुरगळला आणि बाहेरचा, हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध नुसता ताणला असेल तर एक ते तीन आठवडे. थोडा फाटला असेल तर तीन ते सहा. पुरता फाटला तर तीन महिन्यांपर्यंत. मांडीच्या मागची शीर भरते म्हणतात ती हॅमस्ट्रिंगची दुखापत हलकी असेल तर दोन-तीन आठवड्यांत आटोपते, मधली असेल तर महिना-दोन महिने. टाचेच्या वरचा जाड स्नायूबंध जुनाट दुखत असेल तर बारा आठवड्यांचा व्यायाम. स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेली ती पद्धत अजून वापरली जाते: पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, दिवसाला १८० वेळा. दुखलं तरी करायची. पहिल्या महिन्यात धावपटू हमखास सोडून देतात, कारण त्यांना फरक दिसत नाही. स्नायूला रक्त भरपूर म्हणून तो लवकर जुळतो, हाड सहा-आठ आठवड्यांत सांधतं, स्नायूबंध आणि अस्थिबंध मात्र आपल्या वेळेनं चालतात. यात सगळ्यात जास्त हेळसांड घोट्याची होते. दोन दिवस बर्फ लावायचा, चौथ्या दिवशी मैदानात. मग तोच घोटा वर्षातून तीनदा मुरगळतो आणि पोरं म्हणतात, "माझा घोटाच वीक आहे." घोटा वीक नसतो. एका पायावर तोल सांभाळायचं त्याला पुन्हा शिकवलेलंच नसतं, आणि ते शिकवायला रोजची दहा मिनिटं पुरतात.

मोठ्या खेळाडूंच्या दुखापती आपण बातम्यांत वाचतो, पण त्यातला मधला काळ वाचत नाही. सचिनच्या कोपरावर मे २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्यानं ९३ धावा काढल्या. आपल्या आठवणीत राहतात त्या धावा. मधले पाच महिने तो काय करत होता हे कुणाला आठवत नाही. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ ला पहाटे झाला, मुंबईत गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि स्पर्धात्मक सामन्यात तो परतला २३ मार्च २०२४ ला. जवळपास पंधरा महिने, तेही बंगळूरच्या क्रिकेट अकादमीतली सगळी यंत्रणा दिमतीला असताना. सध्या मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा गडी, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी तो पडला आणि एसीएल गेलं. सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. ज्याचा सगळा खेळच अडथळ्यावरून उडी मारून एका पायावर उतरण्याचा, त्याला त्या उतरण्यावर पुन्हा भरवसा ठेवायला किती दिवस लागत असतील, हा विचार मला पुन्हा पुन्हा येतो.

सरांनी मला विनेश फोगाटचं उदाहरण मागंच दिलं होतं. तिची एसीएलची शस्त्रक्रिया ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झाली. एप्रिल २०२४ मध्ये तिनं बिश्केकला ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला, तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत कुणाला न हरलेल्या युई सुसाकीला हरवलं. "आठ महिन्यांत मॅटवर आली की ती," सर म्हणाले. आली, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण कसलेल्या शरीराची, पूर्णवेळ तज्ज्ञांच्या हाताखाली तयारी करणारी ती पैलवान, आणि एसटी चुकली की व्यायाम चुकणारी, सकाळी गोठा आवरून शाळेत जाणारी आमची पोरगी, यांचे महिने सारखे कसे धरायचे?

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एसीएल शस्त्रक्रियेनंतर खेळाडू मैदानावर जितके उशिरा परतले, तितकं गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण कमी झालं: नऊ महिन्यांपर्यंत दर एका महिन्याच्या उशिरामागे सुमारे ५१ टक्क्यांनी. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबून तसा फायदा दिसला नाही. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला दुसरा आकडा मला जास्त झोंबतो: पंचविशीच्या आतले जे खेळाडू खेळात परततात, त्यांच्यात जवळपास चौघांमागे एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, त्या गुडघ्यातलं किंवा दुसऱ्या. सतरा-अठराची पोरगी समोर बसली की मी मनात हा हिशेब करते. म्हणून मी महिन्यांबरोबर मोजमापही बघते. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेघेच्या आडव्या-तिरक्या उड्या, सहा मीटर अंतर एका पायावर किती सेकंदांत. आणि मांडीची ताकद. चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आलं पाहिजे. सर आले त्याच्या आदल्या दिवशीच मी तिची टेप धरली होती. ८१ टक्के. फरशीवर खडूनं काढलेल्या दोन खुणा, मध्ये माझी एक वीत आणि वर थोडं. सरांना पळताना दिसली ती पोरगी खरी होती. पण पळताना दोन्ही पाय एकमेकांना सांभाळून घेतात. एका पायावर उतरते तेव्हाच ती वीत उघडी पडते.

आणि भीती. तिला टेप लावता येत नाही. ती उडी मारायच्या आधी खालच्या फरशीकडे बघते, एकदा, अगदी ओझरतं. चढाईपटूनं खाली बघून चालत नाही. तिची नजर समोरच्या सात जणींवर पाहिजे, कोपऱ्यातली कधी पायाला हात घालेल याच्यावर. शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परत जाणारे निम्म्याहून थोडेच जास्त असतात, साधारण ५५ टक्के, आणि न परतणाऱ्यांत असे पुष्कळ असतात ज्यांचा गुडघा तपासणीत उत्तम असतो. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत मी तिच्याशी व्यायामापेक्षा जास्त बोलते. आधी सावकाश चढाई, समोर एकच बचावपटू, तीही ओळखीची मैत्रीण. मग दोघी. मग साखळी. "पकड आली तर?" ती विचारते. येईलच, मी सांगते.

निवड चाचणी झाली. ती गेली होती, प्रेक्षकांत बसायला. सरांनी तिला नेलं, याचं मला फार बरं वाटलं, आणि वाईटही. जिल्ह्याकडून राज्य स्पर्धा, तिथं चमकलं तर महाराष्ट्राचा संघ, प्रमाणपत्र, सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण: त्या खोऱ्यातल्या मुलीसाठी ही वाट अरुंद आहे आणि बरेचदा एकच आहे. माझ्या एका नकारानं तिच्या वाटेवरची एक पायरी गेली. मी तोच नकार पुन्हा देईन. तरी तिच्या वडिलांनी परवा विचारलं, "आता खेळणारच नसली तर एवढ्या लांब यायचं कशाला?", तेव्हा त्यांच्या शब्दांत मला कुठंही चूक काढता आली नाही. येण्या-जाण्याचं भाडं, माझी फी, आईचा बुडालेला रोज, सगळं त्यांनी बोटांवर मोजलेलं होतं. ऑपरेशनला गाव वर्गणी काढतं. फिजिओला कुणी काढत नाही, आणि मंडळं, संघटना, शाळा यांच्या हिशेबात फिजिओथेरपीला रकाना नाही. मी फी कमी केली, म्हटलं आठवड्यातून एकदाच आणा, बाकीचं मी सरांना शिकवते. सर खरोखर शिकायला आले. वहीत आकृत्या काढून घेतल्या, गुडघा आत पडतो म्हणजे काय हे स्वतःच्या पायावर करून बघितलं, आणि संघातल्या बाकीच्या मुलींनाही उडीवरून उतरायचं शिकवायला लागलेत. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं असा सराव नेमानं केला तर ही दुखापत मुळात होण्याचं प्रमाणच बरंच घटतं, हे सिद्ध झालेलं आहे.

आपल्याकडे तालुक्याला क्रीडा संकुलं उभी राहिलीत. कुठं मॅट आहे, कुठं धावपट्टी, कुठं नुसतंच कुंपण. तिथं एक खोली लागते: एक टेबल, रबरी पट्ट्या, थोडी वजनं, भिंतीवर मोजपट्टी, आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा फिजिओ, ज्याचा पगार त्या खेळाडूच्या बापाच्या खिशातून जाणार नाही. एवढं झालं तर पाटणच्या पोरीला कराडपर्यंत यावं लागणार नाही. या मागणीचा अर्ज मी लिहायला घेतलाय. सर म्हणाले, खोऱ्यातल्या सगळ्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांच्या सह्या ते आणतात.